आरशात वेळ आणि पत्ता छापलेला नसतो

वांशिक दंगलीचा विषय निघाला आणि कुणी भडक वर्तमानपत्रांकडे बोट दाखवलं, की एक उत्तर ठरलेलं असतं. ते इतक्यांदा पुढे पाठवलं गेलंय की आता पाठ झालंय: "पेपर म्हणजे समाजाचा आरसा. द्वेष लोकांच्या मनात आधीच असतो, पेपर तो फक्त दाखवतात. पोलीस सांगतात तेच छापतात. चुकलं तर खुलासा देतात. वाचक काय दूधखुळे आहेत? आणि आळा घालायला गेलात तर ती गळचेपी."

यातली एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. द्वेष पेपरच्या छापखान्यात जन्माला येत नाही. बाकीचं एकेक करून पाहू.

"पेपर फक्त आरसा धरतो."

जुलै १९१९, वॉशिंग्टन. दोन रात्री गोऱ्या सैनिकांचे आणि खलाशांचे जमाव कृष्णवर्णीयांना रस्त्यात गाठून मारत होते. २१ तारखेच्या सकाळी वॉशिंग्टन पोस्टनं छापलं, की शहरात आणि आसपास असलेल्या प्रत्येक सैनिकाला संध्याकाळी जमण्याचा हुकूम निघाला आहे. जागा: पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू, सातव्या आणि आठव्या रस्त्यांच्या मधे. वेळ: नऊ. हेतू: 'साफसफाई', आणि तीही अशी की आधीच्या दोन रात्री फिक्या पडाव्यात. असा हुकूम कुणीही काढलेला नव्हता. रात्री माणसं मात्र जमली. कृष्णवर्णीय वस्त्यांनीही पेपर वाचला होता. तिथे बंदुका आल्या. त्या दंगलीतली सगळ्यात रक्तबंबाळ रात्र तीच. हा मजकूर वाचताना मला दर वेळी निमंत्रणपत्रिका आठवते: स्थळ, वेळ, कार्यक्रमाचं स्वरूप. (पोस्ट काही टॅब्लॉइड, म्हणजे लहान आकाराचा सनसनाटी पेपर, नव्हता, हे खरं. पण टॅब्लॉइड हा कागदाचा आकार आहे. भडकपणाला आकार लागत नाही.)

दोन वर्षांनी अमेरिकेच्याच ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा. ३१ मे १९२१ च्या दुपारी टल्सा ट्रिब्यूनच्या पहिल्या पानावर बातमी आली: लिफ्टमध्ये मुलीवर हल्ला करणारा निग्रो पकडला. बातमी छोटीशी, पण तिची घडण बघा. आरोपी बूटपॉलिश करणारा १९ वर्षांचा पोरगा. त्याची ओळख काय करून दिली, तर तो स्वतःला 'डायमंड डिक' म्हणवतो. लिफ्ट चालवणारी मुलगी मात्र अनाथ, शिक्षणाचा खर्च भागवायला राबणारी. मग तिचे ओरबाडलेले हात, फाटलेले कपडे. ज्यानं बातमीच्या डेस्कवर एक आठवडा जरी काढला असेल, त्याला कळेल की 'अनाथ' हा शब्द चुकून पडलेला नाही. हल्ला झाला की नाही या प्रश्नाशी त्याचा काडीचा संबंध नाही. वाचकाच्या मुठी आवळल्या जाव्यात एवढ्यासाठी तो आहे. संध्याकाळपर्यंत कोर्टाबाहेर गोऱ्यांचा जमाव होता. दुसऱ्या दिवशी ग्रीनवुड या कृष्णवर्णीय वस्तीतले ३५ ब्लॉक जळून गेले होते. मृतांचा अंदाज ३०० पर्यंत जातो. मुलीनं फिर्याद चालवायला नकार दिला आणि खटला बारगळला. पुढे त्या अंकाची मायक्रोफिल्म करायची वेळ आली, तेव्हा पहिल्या पानावरची ती बातमी कुणीतरी फाडून नेलेली होती.

आरशाचं म्हणणं खरंच मानायचं असेल तर एक अडचण आहे. १९९७ मध्ये लंडनच्या डेली मेलनं स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाबद्दल पाच गोऱ्या संशयितांचे फोटो 'खुनी' या मथळ्याखाली छापले आणि खोटं असेल तर आमच्यावर दावा लावा म्हणून आव्हान दिलं. कुणी दावा लावला नाही. २०१२ मध्ये त्यातल्या दोघांना शिक्षा झाली. धाडसाचं काम होतं, आणि त्याचं श्रेय पेपरनं हक्कानं घेतलं. पण मग मथळ्यानं समाज हलतो हे तुम्हीच मान्य केलंत की!

"पोलीस सांगतात तेच छापतो."

न्यूयॉर्क, एप्रिल १९८९. सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या गोऱ्या स्त्रीवर बलात्कार. १४ ते १६ वर्षांची पाच मुलं पकडली गेली, चार कृष्णवर्णीय आणि एक लॅटिनो. पोलिसांनी 'कबुलीजबाब' सांगितला, हे खरं. पण डेली न्यूजच्या पहिल्या पानावर 'लांडग्यांच्या कळपाची शिकार' हे आलं, ते कुठल्या पंचनाम्यातून? दोन आठवड्यांत डोनाल्ड ट्रम्प यांनी शहरातल्या चार दैनिकांत पानभर जाहिराती देऊन फाशीची शिक्षा परत आणण्याची मागणी केली. खटला उभा राहण्याआधीच निकाल लागला होता. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगारानं कबुली दिली, डीएनए त्याचाच निघाला, पाचही शिक्षा रद्द झाल्या. भरपाई ठरली ४ कोटी १० लाख डॉलर, तीही २०१४ मध्ये. ती शहराच्या तिजोरीतून गेली, पेपरच्या नाही.

"चुकलं तर खुलासा छापतात."

छापतात. ४ जुलै २००३ ला लंडनच्या 'द सन'नं पहिल्या पानावर छापलं की आश्रय मागायला आलेले लोक राणीचे हंस पकडून भाजून खातायत. पुरावा शून्य. डिसेंबरमध्ये आतल्या पानात छोटंसं स्पष्टीकरण आलं, की यात कुणालाही अटक झालेली नाही. पाच महिने! बूंद से गई वो हौद से नहीं आती, हे तर आपल्याला पाठच आहे.

आणि खुलासा चटकन आला तरी? २९ जुलै २०२४ ला इंग्लंडमधल्या साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला. काही तासांत हल्लेखोराचं एक बनावट मुस्लिम नाव आणि तो होडीतून आलेला निर्वासित असल्याची कहाणी समाजमाध्यमांवर फिरू लागली. बातम्यांची वेबसाइट म्हणवणाऱ्या एका साइटनं ती उचलली. दुसऱ्या दिवशी मशिदीवर दगड. आरोपी कार्डिफमध्ये जन्मलेला, हे पोलिसांनी सांगितलं. १ ऑगस्टला न्यायालयानं खरं नावही उघड करू दिलं. तरी ४ तारखेला रॉदरहॅममध्ये, आश्रयार्थी राहत होते त्या हॉटेलला जमाव आग लावत होता. नाव खोटं निघालं, राग उरलाच.

"वाचक दूधखुळे नाहीत."

नसतील. पण लाख वाचकांतल्या नव्व्याण्णव हजारांनी पान उलटलं, तरी जमावाला उरलेले पुरतात. शिवाय खोटी बातमी दोन्ही बाजूंना पेटवते. शिकागोच्या १९१९ च्या दंगलीत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे मेले. चौकशी आयोगानं गोऱ्यांच्या पेपरांची चूक दाखवलीच, पण शिकागो डिफेंडर या कृष्णवर्णीयांच्या प्रतिष्ठित साप्ताहिकालाही सोडलं नाही: एका स्त्रीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला जमावानं मारल्याची भयंकर बातमी त्यानं छापली होती, आणि ती खोटी होती. रंग पाहून अफवा खरी ठरत नाही.

"आळा म्हणजे गळचेपी."

भीती रास्त आहे. सरकारच्या हातात लाल पेन देऊ नये असंच मलाही वाटतं. पण आळा प्रत्यक्षात किती आहे ते बघा. एप्रिल २०१५ मध्ये 'द सन'च्या एका स्तंभात स्थलांतरितांना झुरळं म्हटलं गेलं. रवांडातल्या १९९४ च्या नरसंहाराआधी तिथल्या माध्यमांनी तुत्सींसाठी हाच शब्द वापरला होता, याची आठवण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार प्रमुखांनी जाहीरपणे करून दिली. ब्रिटनमधल्या पेपरांच्याच पैशावर चालणाऱ्या इप्सो या नियामक संस्थेकडे तक्रारी गेल्या, त्या फेटाळल्या गेल्या. भेदभावाचं कलम एखाद्या व्यक्तीचा अपमान झाला तरच लागू होतं. स्तंभात व्यक्ती कुणीच नव्हती. झुरळ म्हटलं होतं ते सगळ्यांनाच.