‘डोंगरात टू-स्ट्रोक नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ऑक्टोबर लागला की कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला. मजकूर थोडक्यात असा: डोंगरासाठी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी, पुढे स्की असलेली मोटारगाडी) अजिबात घेऊ नका, हजार मैलांत इंजिन बसतं. उंचीवर तिची निम्मी ताकद उरते. त्यापेक्षा 200 हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक घ्या, कुठलाही उतार चढेल. टर्बो टू-स्ट्रोकच्या वाटेला जाऊ नका, ती फुटतेच. आणि एकदा भरवशाची मशीन हाती आली की बरोबर कुणी असलंच पाहिजे असं नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण यातलं बहुतेक अर्धवट आहे आणि शेवटची ओळ जिवावर बेतणारी आहे. मी कॅलगरीत राहतो, हिवाळ्यात ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत स्लेड (स्नोमोबाइलला इकडे हेच म्हणतात) चालवतो. इकडे नव्याने आलेली आपली मुलं असलं काही वाचून वीस-वीस हजार डॉलर घालून बसतात, आणि मग पहिल्याच खोल बर्फात मशीन उपसत दिवस घालवतात. ते बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हजार मैलांत इंजिन बसतं.’ ही भीती कुठून येते ते मला कळतं. आपल्याकडे ज्यांच्या घरी चेतक होती, त्यांच्या डोक्यात टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलमध्ये ओतलेलं टू-टी ऑइल, काळा पडलेला प्लग आणि मागे निळा धूर. ते कार्बोरेटरचं इंजिन होतं. त्यात ताज्या पेट्रोलचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जायचा. आजच्या डोंगरी स्लेडचं इंजिन टू-स्ट्रोकच असलं, तरी काम वेगळ्या पद्धतीने करतं. स्की-डू कंपनीचं 850 ई-टेक इंजिन 2017 च्या मॉडेलपासून आहे. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, एक्झॉस्टचं तोंड बंद होत आल्यावर फवारलं जातं. ऑइल वेगळ्या टाकीतून, वेगळ्या पंपाने, लागेल तेवढंच येतं. इंजिन ठोकायला लागलं तर सेन्सरला आधी कळतं आणि कॉम्प्युटर ताकद कमी करतो. दुसरी कंपनी पोलारिस, तिचं 850 पॅट्रिअट 2019 च्या मॉडेलपासून आलं. त्याची रचना थोडी वेगळी, पण तिथेही इंधन आणि ठिणगीचा हिशेब कॉम्प्युटरकडेच आहे.

मग इंजिनं जात नाहीत का? जातात. पण बहुतेक वेळा कारण उष्णता असतं, आणि ती चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी आलेली असते.

सकाळी पार्किंगमध्ये उणे 20 असतं. ट्रेलरवरून मशीन उतरवायची, स्टार्टर मारायचा आणि दोन मिनिटांत समोरच्या चढावर थ्रॉटल पूर्ण दाबायचा, असं करणारा एखादा रोज दिसतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो काही सेकंदांत तापतो आणि फुगतो. सिलिंडरभोवती मात्र अजून गारठलेलं कूलंट फिरत असतं, त्यामुळे तो तेवढ्या वेगाने फुगत नाही. दोघांमधली केसभर जागा संपते आणि पिस्टन घासतो. असं इंजिन उघडलं की पिस्टनच्या अंगावर चार कोपऱ्यांत उभे ओरखडे दिसतात. अनुभवी मेकॅनिक ते बघून लगेच सांगतो, की ही थंडीतली जाम आहे, गाडी तापू दिलेली नाही. स्क्रीनवर कूलंटचं तापमान दिसतं. तो आकडा वर येईपर्यंत सावकाश चालवायचं, एवढंच करायचं असतं. अशा इंजिनाचा दोष टू-स्ट्रोकच्या माथी मारणं मला पटत नाही.

उलटी बाजूही आहे. डोंगरी स्लेडला गाडीसारखा मोठा रेडिएटर नसतो. मशीनखाली फिरणारा रुंद रबरी पट्टा म्हणजे ट्रॅक, त्याच्या वरच्या बोगद्यात कूलर बसवलेले असतात आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आपटून ते गार होतात. खोल पावडरमध्ये, म्हणजे भुसभुशीत बर्फात, त्यामुळे कधी अडचण येत नाही. पण डोंगरापर्यंत नेणारी वाट दाबून टणक केलेली असते. मार्चमध्ये तर ती काचेसारखी होते. तिथे बर्फ उडतच नाही, कूलर कोरडे राहतात आणि खालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्यांच्यावर ट्रॅक सरकतो, त्याही तापून झिजतात. त्यासाठी स्क्रॅचर असतात. स्प्रिंगच्या टोकदार काड्या बर्फ खरवडतात आणि तो चुरा ट्रॅक आत ओढतो. ते खाली पाडायचे, मधूनमधून वाटेच्या कडेच्या मऊ बर्फात दोन-चार सेकंद उतरायचं. सेकंडहँड मशीन बघताना मी स्क्रॅचर आहेत का आणि त्यांची टोकं झिजलेली आहेत का ते बघतो. झिजलेली असतील तर मालकाने ते वापरले आहेत, म्हणजे तो मशीनची काळजी घेणारा आहे.

राहिला मैलांचा प्रश्न. डोंगरात दिवसभरात कदाचित 60 किलोमीटर होतात, पण त्यातला मोठा भाग पूर्ण थ्रॉटलवर असतो. सपाटीच्या ट्रेलवरची मशीन दिवसाला 200 किलोमीटर आरामात चालते आणि तिचं इंजिन निम्म्या ताकदीवर असतं. या दोघींचे मैल शेजारी मांडून काय कळणार? इंजिनचे तास बघा. कॉम्प्रेशन मोजून घ्या, दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक बाजू स्पष्ट कमी आली तर तिथेच थांबा, मालक काहीही सांगो. आणि हे खरं आहे, की टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन आणि रिंग ही झिजणारी वस्तू आहे, फोर-स्ट्रोकपेक्षा ते लवकर बदलावे लागतात. पण त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, वरचा भाग खोलणं सोपं आहे. वेळेवर केलेलं ते काम म्हणजे देखभाल. त्याला बिघाड म्हणू नये.

‘उंचीवर निम्मी ताकद उरते.’ हा मुद्दा आकड्यांनीच मिटतो. ताकद कमी होते ती हवा विरळ होते म्हणून. ढोबळ हिशेब दर 1000 फुटांना तीन टक्के. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, नसलेलं 165 हॉर्सपॉवरचं इंजिन 2,400 मीटरवर साधारण 130 देतं, 3,000 मीटरवर 120 च्या आसपास. हवेची घनता निम्मी व्हायला 6,500 मीटरच्या पुढे जावं लागतं, आणि उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर देनालीसुद्धा 6,190 मीटरचं आहे. मोंटानातलं कुक सिटी सुमारे 2,300 मीटरवर, वायोमिंगमधली टोगवटी खिंड 2,900 च्या वर. ब्रिटिश कोलंबियातलं रेव्हलस्टोक गाव तर 500 मीटरच्याही खाली आहे, तिथले डोंगर उंच दिसले तरी आपण सहसा 2,000 मीटरच्या आसपासच असतो. शिवाय ही घट सगळ्यांना सारखी आहे. टर्बो नसलेल्या फोर-स्ट्रोकलाही तीच विरळ हवा मिळते. गुलमर्गला भाड्याच्या स्नो स्कूटरवर बसून आलेले आपले लोक ‘जीवच नव्हता गाडीत’ म्हणतात. तिथे 2,650 मीटरवर पाऊण हवा असते, त्यात एका मशीनवर दोघं बसलेले.

ताकद ‘मेली’ असं वाटण्याचं दुसरं कारण क्लच आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. स्लेडला गिअर नसतात. दोन क्लच असतात आणि इंजिनाची ताकद एका बेल्टवरून पुढच्याकडून मागच्याकडे जाते. पुढच्या क्लचमधली वजनं फेऱ्यांबरोबर बाहेर सरकतात आणि हा बेल्ट दाबतात. ही वजनं समुद्रसपाटीच्या ताकदीला जुळवलेली असली, तर उंचीवर इंजिनाला ती पेलत नाहीत. ज्या इंजिनाने मिनिटाला 8000 फेऱ्यांच्या आसपास फिरायला हवं, ते चारेकशे फेरे खालीच अडकतं आणि चढावर दम सोडतं. आपण राहतो कुठे आणि चालवतो कुठल्या उंचीवर हे दुकानदाराला सांगा, तो काही ग्रॅम हलकी वजनं बसवून देईल. त्यानंतर तीच मशीन वेगळी वाटते. वापरलेली मशीन दुसऱ्या प्रांतातून किंवा राज्यातून आणत असाल तर हे विचारल्याशिवाय आणू नका.

‘200 हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक घ्या, कुठलाही उतार चढेल.’ मेसेजातला हा सल्ला सगळ्यात महाग पडतो. 200 च्या आसपासचं, 998 सीसी, तीन सिलिंडरचं टर्बो फोर-स्ट्रोक इंजिन यामाहाचं. यामाहाच्या साइडवाइंडरमध्ये आणि आर्क्टिक कॅटच्या 9000 मालिकेत ते बसलं. इंजिन म्हणून उत्तम, लांब पल्ल्याच्या ट्रेलवर त्याला तोड नाही. डोंगरासाठीही त्याची मॉडेलं निघाली. पण ती टू-स्ट्रोक डोंगरी मशीनपेक्षा 40 किलोहून जास्त जड होती आणि ते वजन मुख्यतः नाकात होतं. यामाहाने 2023 मध्ये स्नोमोबाइलचा धंदा आवरता घेत असल्याचं जाहीर केलं, उत्तर अमेरिकेत 2025 चं मॉडेल शेवटचं. म्हणजे आज हा सल्ला ऐकून कुणी तशी मशीन शोधलीच, तर ती बहुधा जुनी, जड आणि पुढे सुट्या भागांसाठी वणवण करायला लावणारी असेल.

वजन म्हणजे काय ते कागदावर कळत नाही. डोंगरातलं चालवणं हे बहुतेक आडव्या उतारावरचं असतं. मशीन वरच्या अंगाला कलती करून, एका स्कीवर तोलत, झाडांमधून काढायची. 200 किलोच्या आसपासची मशीन तुम्ही अंगाने ओढून कलती ठेवू शकता. नाकात 40 किलो वाढले की ती खालच्या बाजूला खेचायला लागते, आणि खाली झाडं असतात. अडकली तर बर्फ आणि पेट्रोल धरून पाव टनाच्या पुढचं धूड छातीभर बर्फातून वळवायचं असतं. दोनदा अडकलात की दुपारी तीनला हातात जोर उरत नाही, आणि थकलेला माणूस परतीच्या वाटेवर चुका करतो.

उतार चढतो तो ट्रॅक. आजच्या डोंगरी मशीनला 154 ते 175 इंच लांबीचा ट्रॅक असतो, त्यावर अडीच ते तीन इंचांची पाती. लांब ट्रॅक वजन जास्त बर्फावर पसरवतो, म्हणून मशीन तरंगते. ताकद जास्त आणि वजन नाकात असेल तर ट्रॅक खंदक खणतो, नाक वर, शेपूट खाली, आणि तुम्ही तिथेच. सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या खास डोंगरी मशीन, स्की-डू समिट, पोलारिस आरएमके, आर्क्टिक कॅटची अल्फा, टू-स्ट्रोकवरच आहेत. त्यांना फोर-स्ट्रोक बनवता येत नाही असं थोडंच आहे? त्याच कंपन्या ट्रेलसाठी आणि कामासाठी फोर-स्ट्रोक विकतात. यलोस्टोन पार्कात आवाजाचे आणि धुराचे कडक नियम आहेत, तिथल्या रस्त्यांवर फोर-स्ट्रोकच योग्य. माल ओढायचा असेल, लॉजवर सामान न्यायचं असेल, तर मीही फोर-स्ट्रोकच सुचवेन.

‘टर्बो फुटतेच.’ हे नाव पडलं ते बाहेरून बसवलेल्या किटमुळे. कारखान्याने न आखलेला दाब, त्यात साधं पेट्रोल, त्यात घाई. ती इंजिनं फुटत होती हे खरंच आहे. 2020 च्या मॉडेलमध्ये स्की-डूने कारखान्यातूनच टर्बो बसवलेली टू-स्ट्रोक समिट आणली, तशी ती पहिलीच. तिचा उद्देश मर्यादित होता: 8000 फुटांपर्यंत 165 हॉर्सपॉवर टिकवायची. पोलारिसची पॅट्रिअट बूस्ट त्यानंतर आली. बूस्ट मशीन कंपनीने परतही बोलावल्या, पण कारण पेट्रोलच्या टाकीत स्थिर विजेने आग लागण्याचा धोका हे होतं, टर्बोने इंजिन फुटणं नव्हे. म्हणून कुठलीही वापरलेली मशीन घेताना तिच्या नंबरवरून परत बोलावण्यांचं काम झालंय का ते डीलरकडून तपासून घ्या. माझं मत विचाराल तर 2,000 मीटरच्या आत चालवणाऱ्या नवख्याला टर्बोची गरज नाही. कोलोरॅडो-वायोमिंगवाल्यांना ती खरी उपयोगी पडते.

मेसेजात बेल्टचं नावही नाही, आणि डोंगरात माणसं अडकतात ती बऱ्याचदा बेल्ट तुटून. अडकलेल्या मशीनचा थ्रॉटल दाबून धरला की बेल्ट एकाच जागी घासून जळतो. खूप वेळ झगडलात की इंजिन बंद करा, बाजूचं पॅनेल उघडा आणि क्लचच्या चकतीला हात लावा. हात ठेववत नसेल तर थांबा, त्याला हवा लागू द्या. नवा बेल्ट पहिले काही तास बेताने चालवा. एक जादा बेल्ट आणि तो बदलायची हत्यारं मशीनवर असलीच पाहिजेत. आणि बदलायचा सराव आधी घरी, गॅरेजमध्ये करा, हातमोजे घालून.

आता शेवटची ओळ, ‘बरोबर कुणी असलंच पाहिजे असं नाही.’ 13 मार्च 2010 ला रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाइलवाल्यांचा मोठा मेळावा जमला होता. हिमस्खलन झालं, दोघं गेले, तीसेक जखमी झाले. कुणाची मशीन बंद पडली म्हणून हे झालेलं नाही. मशीन जितकी सक्षम तितकी ती तुम्हाला मोठ्या, उघड्या उतारावर नेते, आणि तसाच उतार सुटतो. गाडलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात बचाव पथक पोचत नाही, पोचतो तो शेजारी उभा असलेला जोडीदार, तोही त्याच्याकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं असेल तर. फावडं मशीनवर बांधलेलं नको, पाठीवरच्या पिशवीत हवं, कारण मशीनही गाडली जाते. उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे बाजूला सुरक्षित जागी. अडकलेल्याला मदत करायला दुसरा थेट त्याच्या वर चढवायचा नाही.

कॅनडात हिमस्खलनाचं पहिल्या पातळीचं प्रशिक्षण दोन दिवसांचं असतं आणि स्नोमोबाइलवाल्यांसाठी ते वेगळं घेतलं जातं. ॲव्हलान्श कॅनडाचा अंदाज हंगामात रोज फुकट वाचता येतो. मशीन कुठली घ्यायची यावर आपण ग्रुपवर कितीही वाद घालू. पण तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला असेल तर ती शेवटची ओळ चूक आहे एवढं त्याच्याखाली आजच लिहा. डिसेंबरचा पहिला मोठा बर्फ पडायच्या आत ते सगळ्यांनी वाचायला हवं.