मॅमोग्राफीनं गाठ फुटत नाही

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा बायकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात मॅमोग्राफीबद्दल, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीबद्दल, एकच मेसेज चारदा आला. 'मॅमोग्राफी करू नका. मशीनमध्ये दाबल्यानं गाठ फुटून कॅन्सर अंगभर पसरतो. किरणांनी नसलेला कॅन्सर होतो. घराण्यात कुणाला नसेल, दुखत नसेल, तर तपासायची गरजच नाही.' तो वाचून पन्नाशीच्या दोघी वैनींनी ठरलेली तपासणी रद्द केली, म्हणून लिहायला बसले.

आधी दाबण्याचं. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबतात, कारण तो पसरला की एकाआड एक लपलेलं सुटं दिसतं आणि किरणंही कमी लागतात. दुखतं, काहींना चांगलंच दुखतं. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात गेलं तर त्रास कमी होतो. पण त्या दाबानं कॅन्सर पसरल्याचा पुरावा नाही. गाठ म्हणजे पाण्याचा फुगा नव्हे. तिच्या पेशी रक्तवाहिन्यांत, लसिकावाहिन्यांत शिरतात, तेव्हा कॅन्सर पसरतो.

किरणं एका तपासणीत साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट (हे किरणं मोजायचं माप). माती, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतातच. म्हणजे दोन महिन्यांइतकी.

घराण्याचं म्हणाल, तर बहुतेक रुग्णांच्या जवळच्या नात्यात हा आजार कुणालाच नसतो. आनुवंशिक कारण शंभरातल्या पाच-दहा जणींतच सापडतं.

'दुखत नसेल तर' हे वाक्य मात्र मला सहन होत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हाताला आंघोळीच्या वेळी गाठ लागली होती. दुखत नव्हती. नवरात्र होऊ दे, दिवाळी होऊ दे, लेकीचं बाळंतपण होऊ दे, असं करत त्या आठ महिने कुणाला बोलल्या नाहीत. दुखत नाही म्हणजे साधी असेल, असं त्यांना वाटलं. सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही हो!

मॅमोग्राफीत उणं आहेच. आठातला साधारण एक कॅन्सर तिच्यातून सुटतो. कधी साध्या सावलीसाठी पुन्हा बोलावतात आणि घरदार घाबरतं. कधी आयुष्यभर त्रास न देणारा कॅन्सरही सापडतो आणि उपचार होतात. मेसेजात हे असतं तर मी मान डोलावली असती. कॅन्सर सुटू शकतो, म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी हाताला गाठ लागत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. वय कमी असेल तर बहुधा आधी सोनोग्राफीच सांगतात.

आणि मशीन नाही म्हणून काहीच नाही, असंही नको. मुंबईत टाटा मेमोरियलनं 1998 पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका त्यातल्या निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी हातानं तपासत. अशा तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तशी घट दिसली नाही, हेही सांगायला हवं.

दोघींपैकी एका वैनींनी परत नंबर लावलाय, मी सोबत जाणार आहे. त्या दिवशी पावडर, डिओ काही लावू नका, एवढं सांगून ठेवलंय. त्याचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि तसे ठिपके कधी कधी कॅन्सरची खूण असतात.