स्कोअर कमी म्हणून नोकरी गेली? जरा थांबा

'क्रेडिट स्कोअर ७००च्या खाली गेला की अमेरिकेत कुठलीच कंपनी नोकरी देत नाही, आणि तो त्या गुपचूप तपासतात' असा मेसेज फिरतोय. यातलं अर्धं चूक, अर्धं अर्धवट.

कंपनीला स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून काढलेला आकडा, दिसतच नाही. तिला मिळतो तो क्रेडिट रिपोर्ट: कर्जाची खाती, थकबाकी, हप्ता ३०, ६० की ९० दिवस उशिरा भरला त्याच्या नोंदी. तोही गुपचूप नाही. १९७०च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टनुसार उमेदवाराची लेखी परवानगी लागते. अर्थात सही नाकारली तर कंपनी अर्ज बाजूला ठेवू शकते, हे मेसेजवाल्याला सुचलं नाही!

पण भीती अगदीच खोटी नाही. रोकड किंवा हिशेब हाताळायच्या जागेसाठी थकलेली कर्जं नडू शकतात. कॅलिफोर्निया, इलिनॉयसारख्या राज्यांनी मात्र अशा तपासणीवर बरीच बंधनं घातली आहेत.

सगळ्यात कामाची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. रिपोर्टमुळे नकार द्यायचा असेल तर कंपनीला आधी त्याची प्रत उमेदवाराच्या हातात द्यावी लागते. ती ओळ न् ओळ वाचा. नावसाधर्म्यामुळे भलत्याचंच कर्ज आपल्या खात्यावर चढलेलं असू शकतं. ब्युरोकडे, म्हणजे हा रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार केली की तिला साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो. कंपनीलाही लगेच कळवा.

आणि हो, कंपनीने रिपोर्ट मागवल्याने स्कोअर घसरत नाही.