मावशीच्या मोबाइलमधली आफ्रिका

वहिनीची अंतराची, म्हणजे गर्भनिरोधक इंजेक्शनची, तारीख टळली, कारण मावशीने तिला जाऊ दिलं नाही. का, म्हणून विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. "कोरोनाच्या नावाखाली आफ्रिकेत काय केलं बघा!!" खाली तीन दावे. लॉकडाऊनमध्ये तिथल्या बायकांना घरी न्यायला इंजेक्शनं वाटून कायमचं वांझ केलं. दवाखाने बंद होताच सगळ्यांनी गर्भनिरोधकं सोडली, त्यांना ती नकोच होती. आणि केनियाच्या एका जिल्ह्यात चार हजार शाळकरी मुली लॉकडाऊनमध्ये गरोदर राहिल्या.

सगळ्यांनी सोडली, तर वांझ कोण झालं? पाठवणाऱ्याला एवढाही प्रश्न पडला नाही.

घरी न्यायचं इंजेक्शन खरंच आहे. बाई ते पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली स्वतः टोचून घेते. पण युगांडा, मलावीत ते कोरोनाच्या आधीच सुरू झालं होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच त्याची शिफारस केली होती. रोगाच्या आधीच रोगाचं निमित्त कसं सापडलं? औषध तेच, जे आपल्याकडे २०१७ पासून सरकारी दवाखान्यात अंतरा म्हणून फुकट मिळतं. असर तीन महिने. त्याने पाळी अनियमित होते, पुष्कळदा थांबतेच, आणि 'पाळी गेली म्हणजे कूस गेली' ही भीती तिथून येते. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या डोसपासून सात ते दहा महिनेही. म्हणजे उशीर होतो. वांझपण येत नाही.

आता, अविश्वास हवेतून आलेला नाही, हे मान्य करावं लागेल. गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या बायकांवर हेच इंजेक्शन लादलं गेलं, म्हणून स्वतंत्र झिंबाब्वेने १९८१ मध्ये त्यावर बंदी घातली होती. पण तो राग लादण्यावर होता. आज सुई बाईच्या स्वतःच्या हातात आहे.

दुसरा दावा. बुर्किना फासो, केनिया, काँगोतलं किन्शासा आणि नायजेरियातलं लागोस इथे ज्या बायकांना कोरोनाआधी प्रश्न विचारले होते, त्यांनाच २०२० च्या मध्यात फोन करून पुन्हा विचारलं. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: बहुतेकींचं काही बदललं नाही, आणि सोडणाऱ्यांपेक्षा नव्याने सुरू करणाऱ्या जास्त. मूल नसलेल्या बायकांची मात्र अडचण झाली. 'सगळ्यांनी सोडली' हे कुठून आलं, ते पाठवणाऱ्यालाच विचारा.

राहिल्या केनियाच्या त्या जिल्ह्यातल्या, मचाकोसच्या, चार हजार मुली. तो आकडा जानेवारी ते मे २०२० मध्ये दवाखान्यात आलेल्या गरोदर मुलींचा. शाळा बंद झाल्या मार्चच्या मध्यात. जानेवारीत दवाखान्यात आलेल्या मुलीला लॉकडाऊनमुळे दिवस गेले? त्यात एकोणीस वर्षांपर्यंतच्या सगळ्या धरल्या आहेत, लग्न झालेल्यासुद्धा. तरी एवढं खरं, की पश्चिम केनियातल्या सियाया भागात पुढे अभ्यास झाला, तेव्हा शाळाबंदी भोगलेल्या मुलींमध्ये शिक्षण संपण्याआधी गरोदर राहण्याचा धोका दुप्पट निघाला. शाळा बंद ठेवल्याचा तो परिणाम. इंजेक्शनचा त्याच्याशी काय संबंध?

मावशीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं मोठं कोण वाचणार?" बरं. तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत अंतरा घेता येतं, वहिनीचे अठरा दिवस झालेत. बुधवारी मी तिला घेऊन जातेय.