सारोळ्याची वाट सोपी आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना एक ओळ टोचली, आणि रविवारी सायकल काढून परत सारोळ्याला जाऊन आलो. म्हणून उत्तराला उशीर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबरात मी सारोळ्याच्या जंगलातल्या वाटेबद्दल लिहिलं होतं, ‘नवख्यांनी बिनधास्त जावं’. दादा एप्रिलमध्ये नववीतल्या लेकीला घेऊन गेले. दोन पंक्चर झाले, चरात पडून कोपर सोललं, दीड तासाच्या वाटेला साडेतीन तास लागले. ‘लाईक्ससाठी लोकांना जंगलात पाठवू नका’ असा शेवट केलाय.

ती टोचलेली ओळ अशी: ‘पहिल्या पंक्चरला ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं होती, पण काटा काही सापडला नाही.’ सापडणार नव्हताच. काट्याचं भोक बहुतेक एकच असतं. अशी जोडभोकं पडली म्हणजे हवा कमी होती. चाक दगडावर आदळलं, टायर पार दबला आणि ट्यूबला दगड न् रिमच्या मध्ये चिमटा बसला. आता हवा कमी का होती? कारण मीच लिहून ठेवलं होतं, ‘मुरमावर पकड हवी तर हवा थोडी सोडा.’ थोडी म्हणजे किती, ते लिहिलंच नाही. तुम्ही अंगठ्यानं दाबून अंदाजे सोडलीत. माझं वजन ५८ किलो, मला २.१ इंची टायरमध्ये २८ पीएसआय (पंपाच्या मीटरवरचं हवेच्या दाबाचं माप) पुरते. तुमचं वजन ८६. तुम्ही ३५च्या खाली येऊच नका, मागच्या चाकात आणखी दोन-तीन जास्त ठेवा, टायरच्या बाजूला छापलेली मर्यादा तेवढी सांभाळा. आणि मीटरवाला पंप घ्या, अंगठ्याचं काही खरं नाही. ही चूक सगळी माझी.

दुसरं पंक्चर मात्र बाभळीचं. काटा तुम्ही उपटलात, पण टोक टायरमध्ये मोडून राहिलं असणार, म्हणून पॅच मारल्यावर दहा मिनिटांत चाक पुन्हा बसलं. ट्यूब परत घालण्याआधी टायर आतून चाचपायचा असतो. बोटानं चाचपला तर काटा बोटात घुसतो (मला अनुभव आहे). मी पिशवीत एक जुना मोजा ठेवतो. तो आतून गोल फिरवायचा, टोक असलं की धागा अडकतो.

आता चर. वनखातं उताराला आडवे समतल चर खणतं, पावसाचं पाणी अडून मुरावं म्हणून. डिसेंबरात काठावर गवत उभं असतं, चर लांबून कळतो. रविवारी पाहिलं तर गवत गेलेलं, आणि चरात पालापाचोळा असा काठोकाठ भरलेला की सपाट वाटच वाटावी. मी लेखात ‘एक-दोन चर लागतात’ असं लिहिलं होतं. मोजले. अकरा निघाले, त्यातले नऊ उतारावर! पायानं पानं सारत होतो तेव्हा एक गुराखी थांबला. ‘काय हारवलं का?’ म्हटलं, चर मोजतोय. ‘मोजायचे कशाला, आमची म्हैस बी पडती तिथं.’

तुम्ही पडलात ते काठावर पुढचा ब्रेक करकचून दाबल्यामुळे. चाक अडकलं, सायकल उभी राहिली, तुम्ही पुढे गेलात. उतारावर सीट खाली घ्यायची, अंग मागे ठेवायचं, दोन्ही ब्रेक आधीपासून हळूहळू धरायचे, आणि चर दिसला की नवख्यानं सरळ उतरायचं. त्यात लाज कसली?

नेटवर्क नाही, फलक नाही ही तक्रार मान्य, पण ती माझ्या हातात नाही. पाण्याचं तर लिहिलं होतं, माणशी दोन लिटर.

‘खरं जंगल दाखवायचं तर गौताळ्यात न्या’ हे मात्र नाही पटलं. गौताळा औट्रमघाट १९८६पासून अभयारण्य आहे. तिथं परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि २०२१ साली तिथल्या कॅमेऱ्यात वाघ आला होता. पहिल्यांदा ऑफरोड चालवणाऱ्याला मी तिकडे पाठवणार नाही. सारोळ्यालाही फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस. विडी-काडी तर सोडाच, ती गॅसची छोटी शेगडीसुद्धा नेऊ नका. आणि पाऊस लागला की पायथ्याच्या शेतांजवळची काळी माती ब्रेकमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. नोव्हेंबर ते जानेवारी, बास.

मूळ लेखातून ‘बिनधास्त’ काढलंय. महिना, हवेचा आकडा आणि अकरा चर टाकलेत. ‘सोपी’ हा शब्द मात्र ठेवलाय, तो तुमच्या लेकीमुळे. तुम्हीच लिहिलंय, ‘मुलगी प्रत्येक चरापाशी उतरून सायकल हातात धरून चालायची, त्यात अजून वेळ गेला.’ ती एकदाही पडली नाही, दादा.