साबण धावबाद

घरात नवीन वॉशिंग मशीन आलं आणि माझ्या इंग्रजीची लाज निघाली. मशीन बसवायला आलेल्या माणसानं नळ जोडला, दोन बटणं दाबून दाखवली आणि "बाकी सगळं पुस्तकात आहे" म्हणून तो जिना उतरलासुद्धा. पुस्तक इंग्रजीत. आई समोर खुर्ची घेऊन बसली.

"वाच मोठ्यानं. मराठीतून वाच. इतकी वर्षं इंग्रजीवर पगार घेतोयस."

मी घसा खाकरला. पहिल्याच ओळीत 'रन' होता. रन म्हणजे धावणे, हे कोणालाही येतं. म्हटलं, "कपडे घालण्याआधी मशीन एकदा रिकामं धावू द्या."

आईनं वाकून मशीनच्या खाली पाहिलं. "चाकं आहेत का याला?"

"चालवा, आई. इथे रन म्हणजे चालवणं."

"मग चालवा म्हण ना. चालणं आणि धावणं यातला फरक तुला दीड वर्षाचा असताना कळला होता."

पुढच्या ओळीत नळाचं पाणी थोडा वेळ 'रन' करायचं होतं. ते मी वाहू दिलं. त्याच्या पुढे वायर मशीनखालून 'रन' होता कामा नये. ती मी बाजूनं नेली. पुढे कपड्यांचे रंग 'रन' होण्याची शक्यता होती. इथे मी बेसावध होतो. "रंग धावू शकतात," असं वाचून गेलो.

"कुठे?" आईनं विचारलं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी पान उलटलं. तिथे साबण 'रन आऊट' झाल्यास, म्हणजे संपल्यास, काय करावं ते दिलं होतं. क्रिकेटच्या मराठी समालोचनावर वाढलेला माणूस मी. तोंडातून निघून गेलं, "साबण धावबाद झाल्यास..."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आधी तिसऱ्या पंचांना विचारून घे."

पुस्तिका बंद करून मी त्या रात्री शब्दकोश उघडला. एका शब्दानं दिवसभरात पाच वेळा पाडलं तर त्याची कुंडली पाहायलाच हवी. आणि काय सांगू, गडी भलताच मोठा निघाला. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली 20 खंडांत निघाली, तेव्हा सर्वांत लांबलचक नोंद होती 'सेट' या शब्दाची. सुमारे 430 अर्थ आणि मजकूर सुमारे 60,000 शब्दांचा. एवढ्यात एक बऱ्यापैकी कादंबरी होते. पुढे कोशाची नव्यानं तपासणी सुरू झाली, आणि 'रन'नं 'सेट'ला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ! पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार या एका शब्दावर नऊ महिने बसून होते. नऊ महिन्यांत काय काय सोसावं लागतं, ते आई अधिक चांगलं सांगू शकेल.

'रन' एवढा का फुगला? एक कारण असं सांगतात की यंत्रं आली. पूर्वी माणसं, घोडी आणि नद्या धावत. मग गिरण्या, आगगाड्या, घड्याळं आणि शेवटी संगणकातले प्रोग्राम धावू लागले. म्हणजे माझा छळ करणारं वॉशिंग मशीन हे फक्त निमित्त नव्हतं, मूळ गुन्हेगारांच्या टोळीतलंच होतं. आपण मात्र गाड्या सोडल्या तर यंत्रांना सहसा धावायला लावलं नाही. आपलं मशीन चालतं, घड्याळ चालतं, दुकान चालतं, संसारसुद्धा चालतोच. इंग्रजांचं घड्याळ धावतं आणि माझं चालतं, हे कळल्यावर आयुष्यभराच्या उशिरांचा खुलासा झाला.

मग मला चाळाच लागला. इंग्रजीत ताप धावतो, आपला चढतो. त्यांच्या घराण्यात एखादी खोड धावते, आपल्याकडे ती रक्तात उतरते. बँकेवर 'रन' येतो तेव्हा ठेवीदार धावत सुटतात, हा एकच अर्थ मला बोट न धरता कळला. आणि निवडणूक! अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत धावतो. ब्रिटनमधला उभा राहतो, आपलाही उभाच राहतो. निवडून आल्यावर मात्र तिन्हीकडे बसायलाच मिळतं.

अर्थांनी दमवलं म्हणून समानार्थी शब्दांकडे वळलो. एका शब्दाऐवजी दुसरा ठेवला की सुटलो, असा भाबडा हिशेब. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी 1805 साली स्वतःपुरती शब्दांची यादी करायला घेतली आणि 1852 साली, वयाच्या 73 व्या वर्षी, तिचा जगप्रसिद्ध शब्दसंग्रह छापला. त्यातल्या अर्थांच्या नातलगांवर नजर टाकली तर स्प्रिंट, जॉग, ट्रॉट, गॅलप अशी सगळी मंडळी हजर. पण पुस्तिकेत एकही बसेना. मशीन रिकामं दुडक्या चालीनं सोडा? रंग चौखूर उधळू शकतात?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की समानार्थी शब्द हे चुलतभावांसारखे असतात. नाक सारखं, पण एकाचे कपडे दुसऱ्याला होत नाहीत. आपलंच बघा. धावणे आणि पळणे, शाळेत दोन्ही एकाच ओळीत पाठ केलेले. पण संकटात देव धावून येतो. तो पळून आला तर भक्तानं काळजी करावी. चोर पळून जातो, शेजारी अंगावर धावून जातो. आणि पोबारा करणे, सूंबाल्या करणे, काढता पाय घेणे, धूम ठोकणे यांत वेग बाजूलाच राहिला, माणूस काय करून निघालाय ते आधी दिसतं. मशीन बसवणाऱ्यानं काढता पाय घेतला होता, हे मला आता नेमकेपणानं म्हणता येत होतं.

सकाळी मी आईला 645 हा आकडा ऐकवला. मोठ्या ऐटीत. जणू तेवढ्या धावा मीच काढल्या होत्या.

"त्यात काय," ती म्हणाली. "आपलं 'लागणे' घे. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, वेड लागतं. मी तुझी आई लागते. एका घरातून एकाच रात्री 'आग लागली' आणि 'डोळा लागला' असं ऐकू आलं, तर तुझा तो कोशवाला आधी कशावर पाणी ओतेल?"

मी गप्प. तेवढ्यात मशीननं शीळ घातली. पहिलं धुणं तयार होतं. दार उघडून मी माझा पांढरा सदरा बाहेर काढला. काल तो पांढरा होता. त्याच्यासोबत मी कोणाला न विचारता नवा लाल पंचा टाकला होता.

आईनं सदरा उजेडात धरला. "धावला वाटतं."

"लागला, आई."

"लागला कसला, चांगला बसलाय."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. "आणि जाणार कधी?" तिनं विचारलं.

मी पुस्तिकेकडे हात केला. ती आईनं केव्हाच कपाटात टाकून किल्ली कनवटीला लावली होती.