तो गेलाय की नाही?

"ताई, डॉक्टर म्हणतात ब्रेन डेड झालाय. पण मशीन काढणार नाही म्हणतात. मग तो गेलाय की नाही?"

तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने फोनवर विचारलेला हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मावसभाऊ बाईकवरून पडला होता. मावशीने अवयवदानाला नकार दिला आणि हॉस्पिटलमधले सगळे 'कायदा, कायदा' म्हणू लागले. दोन दिवस व्हेंटिलेटर चालू, बिलही चालू, आणि मावशी बाहेरच्या बाकावर देव पाण्यात घालून बसलेली.

मी इंग्लंडमध्ये आयसीयूत नर्स आहे. ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलाय का, हे ठरवणारी तपासणी मी कितीतरी वेळा हाताच्या अंतरावरून पाहिली आहे. बाहुलीवर टॉर्चचा उजेड, बुबुळाला कापसाचा हलका स्पर्श, कानात बर्फगार पाणी. शेवटी व्हेंटिलेटर सोडवतात, ऑक्सिजन तेवढा ठेवतात आणि पाच मिनिटं सगळ्यांची नजर छातीवर. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात, ब्रेनस्टेममध्ये, थोडी जरी धुगधुगी असेल, तर छाती हललीच पाहिजे. दोन डॉक्टर हे सगळं दोनदा करतात आणि पहिली फेरी संपली ती मृत्यूची वेळ लिहितात. घरच्यांनी दानाला नाही म्हटलं तरी व्हेंटिलेटर निघतो, कारण माणूस गेलेला असतो.

भारतातले आपले नियम ढिले नाहीत, उलट कडकच आहेत. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टर लागतात, दोन तपासण्यांत किमान सहा तासांचं अंतर लागतं. पण तो कायदा दानापुरता. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत्यू म्हणजे जिवंतपणाच्या सगळ्या खुणा कायमच्या नाहीशा होणं. नाडी लागत असताना कोण सही करणार? म्हणजे अवयव द्यायचे असतील तर माणूस मेला, नसतील द्यायचे तर अधांतरी. "त्यांना किडन्या हव्यात म्हणून मेला म्हणतात," असं मावशी म्हणाली. तिला मी कशी चूक म्हणू?

म्हणून 'नकार नोंदवला नसेल तर होकार' हा इंग्लंडमध्ये 2020 पासून लागू असलेला कायदा भारतात आणा, अशी मागणी वाचली की मला भीती वाटते. तसा कायदा होऊनही इथे घरच्यांशी बोलल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. त्यासाठी खास नेमलेली नर्स तासन्‌तास त्यांच्याजवळ बसते. आपल्याकडे आधी मृत्यूची व्याख्या दानापासून सोडवा. दानाचं नंतर बघू.

आणि हे काम संसदेचं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या नर्स अरुणा शानबाग ब्रेन डेड नव्हत्या, त्यांचा प्रश्न वेगळा होता. पण 2011 मध्ये त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, संसद कायदा करेपर्यंत, म्हणून उपचार थांबवण्याचे नियम घालून दिले. 2018 मध्ये पुन्हा न्यायालयानेच, 2023 मध्ये दुरुस्तीही त्यानेच केली. इथे ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2024 मध्ये इच्छामरणाच्या विधेयकावर खासदारांनी पक्षादेशाविना मतदान केलं, 330 विरुद्ध 275. मतं कुठेही पडोत, पण आपल्या खासदारांनी एकदा तरी उभं राहून यावर बोलावं.

मावसभावाच्या दाखल्यावर हृदय थांबलं तो दिवस आहे. ब्रेन डेड सांगितलं त्याला तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते. वर्षश्राद्धाच्या आधी मावशीचा फोन आला. "तू रोज तेच बघतेस ना गं? मग तूच सांग, तिथी कुठली धरू?"